नवी नळी

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

उत्तराच्या रायफलची नळी फुगली आहे.

दुपारी ती क्लबातून आली. मनगट मोडल्यापासून चार महिन्यांनी आज पहिल्यांदा नेमबाजी, म्हणून मी मुद्दाम पोहे करून ठेवले होते. बशीला हातही लावला नाही. एरवी शंभर मीटरवर तिच्या पाच गोळ्या दोन युरोच्या नाण्याखाली झाकल्या जातात. आज बशीभर पसरल्या. गोळ्या झाडल्या वीस, कागदावर भोकं एकोणीस!

मग जेवणाच्या टेबलावर जुने कागद, त्यावर रायफल, साफसफाई. लांब सळईच्या टोकाला चिंधी लावून नळीतून सारायची. तोंडाच्या अलीकडे दीड इंचावर चिंधी एकदम सैल पडली. पुन्हा सारली. पुन्हा तिथेच सैल. उत्तराने बाहेरून बोट फिरवलं, मग मायक्रोमीटर आणला. बाई कंपनीतही दिवसभर मोजमापंच करते. आठ शतांश मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

"आत काहीतरी अडकलेलं होतं, त्यावर गोळी गेली," म्हणाली. मग स्वतःशीच — "पण तिजोरीत बंद असलेल्या नळीत काय जाणार?"

मी पोहे परत कढईत टाकले आणि गरम करत बसलो. नको इतका वेळ.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहून टाकतो. निदान इथे तरी.

ऑक्टोबरात उत्तरा कामासाठी दोन दिवस जर्मनीला गेली होती. नेमकी खंडेनवमी. दरवर्षी मी घरातल्या हत्यारांची पूजा करतो — पकड, स्क्रू ड्रायव्हर, माझा ड्रॉइंगचा लॅपटॉप, लेकीची, ज्ञानदाची सायकल. बेस्ट या डच गावातल्या घरात एवढीच काय ती आमची अवजारं. पण त्या दिवशी डोक्यात आलं, की घरात एक खरं शस्त्र आहे आणि ते जिन्याखालच्या तिजोरीत बिनपूजेचं पडलंय! वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, भोसरीच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी चोवीस तास मशीन बंद. लेथ धुवायचा, पुसायचा, हळदीकुंकू वाहायचं. आणि लेथच्या चकात, म्हणजे कामाचा तुकडा पकडणाऱ्या जबड्यात, झेंडूचं फूल बसवायचं. नुसतं फूल कलंडतं. म्हणून अण्णा देठाला कापसाचं वस्त्र गुंडाळायचे आणि ते चकात दाबायचे. फूल दुसऱ्या दिवसापर्यंत ताठ उभं. लहानपणी मला ते काम मिळावं म्हणून मी भांडायचो.

तिजोरीचा कोड मला माहीत नसायला हवा. कायदाच तसा आहे. परवाना उत्तराचा, तिजोरी तिची, नवऱ्यालासुद्धा आत हात घालायची मुभा नाही. पण कोड म्हणजे आम्ही शिफोलच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरलो ती तारीख, दुसरं काय असणार! पहिल्या फटक्यात उघडली.

रायफल पाटावर ठेवली. हळदीकुंकू, अक्षता. फुलाला मात्र जागाच नाही, गोल नळीवरून घसरतंय. मग काय केलं, सांगायला नकोच. देठाला वस्त्र गुंडाळून फूल नळीच्या तोंडात बसवलं. फार छान दिसलं. फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी उत्तरा यायच्या आत घाईघाईने फूल ओढलं, रायफल पुसली, आत ठेवली. फूल देठासकट आलं होतं. कापूस आला होता का?

काल रात्रीपासून तेच आठवतोय. फूल निर्माल्यात टाकलेलं आठवतं. हाताला लागलेलं कुंकू आठवतं. कापूस आठवत नाही.

नंतर त्याच आठवड्यात उत्तरा ओल्या पानांवरून सायकल घसरून पडली, मनगट गेलं. रायफल तिजोरीतच राहिली. चार महिने. कापूस आत, सुकत.

नळी फुटलीही असती. तिचा डावा हात बरोब्बर खाली असतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ऑफिसला निघताना उत्तराने विचारलं, घरात कापूस आहे का. कशाला, म्हटलं. रायफलच्या सफाईला. एरवी चिंध्या वापरते! देवाच्या ड्रॉवरमधली गुंडाळी काढून दिली. तिने चिमूटभर ओढून दोन बोटांत बराच वेळ वळला. मग म्हणाली, नको, चिंध्याच बऱ्या.

इंजिनिअर लोकांना काही पसंत पडत नाही.

फोटो फोनमधून काढून टाकला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हेंक येऊन गेला. शहात्तर वर्षांच्या माणसाला अरे-तुरे करायचं माझ्या जिवावर येतं, पण इथे तसंच, आणि त्यालाही तेच आवडतं. उत्तराला क्लबात याच माणसाने उभं केलं. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू मारायची, एवढ्या भांडवलावर ती तिथे गेली होती. पहिल्या वर्षी कोणी धड बोलत नसे. हेंकने स्वतःची चटई तिच्या शेजारी टाकली. तेव्हापासून महिन्यातून एकदा दोघं त्याच्या बागेतल्या शेडमध्ये बसून रिकामी काडतुसं पुन्हा भरतात, आत दारूची पावडर, वर गोळी. या वेळी तिच्या मनगटामुळे पावडर सगळी हेंकने टाकली.

तो टोपी हातात घेऊनच बसला. म्हणाला, आठवडाभर विचार केला, दुसरा काही अर्थ लागत नाही. एका काडतुसात पावडर टाकायला मी विसरलो. काडतुसाच्या बुडातल्या, नुसती ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या जोरावर गोळी अर्धवट जाऊन नळीत अडकली, मागची येऊन तिच्यावर आदळली. म्हणून भोकं एकोणीस.

मी चहा ओतत होतो. उत्तरा म्हणाली, तसं असतं तर मला आवाजातला फरक कळला असता. हेंक म्हणाला, कानावर आवाज अडवणारे मफ, शेजारी मोठ्या बंदुकीवाला, कसा कळणार?

उत्तरा टेबलावरचे बिस्किटांचे तुकडे गोळा करत राहिली. रागावली असणार. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं — साखर?

चाळीस वर्षं हा माणूस काडतुसं भरतोय. जाताना दारात माझा दंड धरून म्हणाला, "सुबोध, तिला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

हे मी म्हणायचं वाक्य होतं.

२ मार्च, रविवार

नवी नळी शोधायचं काम सुरू. आणि त्यात मी! उत्तराला माझी ड्रॉइंगं लागतात. दिवसा मी स्वयंपाकघरांच्या कपाटांचे आराखडे काढतो, तेव्हा लाकडी दस्त्यातली खाच मोजून कोणती नळी त्यात बसेल ते मीच सांगायचं.

नळी निवडणं म्हणजे स्थळ बघणं. उंची — चोवीस इंच की सव्वीस. बांधा — सडसडीत की जाड. जाड नळी लवकर तापत नाही, पण दस्ता तासावा लागतो आणि उत्तराचं मनगट अजून कच्चं. पोलाद काळं की स्टेनलेस. आतल्या आट्यांना पीळ किती — तिच्या लांब गोळीला आठ इंचांत एक पूर्ण फेरा हवा, दहात एक असला तर गोळी धड उडत नाही. आणि सगळ्यात शेवटी, मुलाकडचे किती थांबायला तयार आहेत. मूळ कंपनीची नळी मागवली तर सात-आठ महिने. एका जर्मन कारखान्याची तयार नळी मिळते, आटे, काडतूस बसायचं चेंबर सगळं झालेलं, गनस्मिथने नुसती बसवायची. नाहीतर कोरी सळई घेऊन गनस्मिथकडून सगळं करून घ्यायचं, ते सगळ्यात अचूक.

मी तक्ता केला. रंग भरले. उत्तरा म्हणाली, किती मन लावून करतोयस.

११ मार्च, मंगळवार

ज्ञानदाने विचारलं, ओपा हेंक, म्हणजे हेंकआजोबा, हल्ली का येत नाहीत. डचमध्येच विचारलं. मी मराठीत सांगितलं, त्यांना बरं नाही. दोन्ही भाषांत खोटंच.

१५ मार्च, शनिवार

जुनी नळी उतरवायला टिलबर्गच्या बाजूच्या एका गनस्मिथकडे गेलो होतो. गाडीत रायफल कुलपात, शेजारी परवान्याचे कागद. इथे नळी हासुद्धा बंदुकीचाच भाग धरतात. नवीची नोंद करायची, जुनी नोंदीत दाखवून मोडीत काढायची. आपल्याकडे लेथचा चक बदलला तर पोलिसांना कोण कळवतं!

त्याने नळीत बारीक कॅमेरा सोडला. पडद्यावर आटे दिसत होते, चकचकीत, पिळाने आत आत जाणारे. आणि मग एके ठिकाणी काळसर अंगठी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. माणूस सावकाश बोलणारा. म्हणाला, अडकलेल्या गोळीमुळे फुगवटा सहसा असा होत नाही, जास्त रुंद होतो. हे काहीतरी मऊ असावं. सफाईची चिंधी राहिली होती का? हवं तर उभी चिरून बघू, मला पंधरा मिनिटं लागतील.

आता चिरणार, आता कळणार. खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं — चिर बाबा एकदाची.

उत्तरा म्हणाली, "नको. मोडीत काढा."

कारण विचारलं तर म्हणाली, चिरून नळी परत थोडीच मिळणार आहे. बरोबरच आहे. मला सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं वाटल्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. येताना वाटेत तिने गाडी थांबवली, एका कालव्यापाशी, आणि पाच मिनिटं बाहेर उभी राहिली. मळमळतंय म्हणाली.

२९ मार्च, शनिवार

हेंक पुठ्ठ्याची लांब नळकांडी घेऊन आला. आत कोरी नळी. भोक पाडून आटे काढलेली, बाहेरून अजून लेथवर न चढवलेली. प्रत्येक खाच स्वतंत्र कापून काढलेली, असं काम करणारे आता कमी राहिलेत. नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या शेवटच्या रायफलसाठी घेतली होती म्हणे. कागदपत्रं लिफाफ्यात. गावच्या पोलिसांशी बोलूनही ठेवलंय, हस्तांतर कसं करायचं ते.

"ही घे," उत्तराला म्हणाला. "माझ्या चुकीची भरपाई नाही ही. मला फक्त ती कोणी तरी वापरलेली बघायचीय."

मी हातात घेतली. उजेडाकडे धरून आत पाहिलं. अण्णा असते तर अर्धा तास बोलले नसते. आठात एक पीळ, स्टेनलेस, सव्वीस इंच निघेल एवढी. माझ्या तक्त्यातली प्रत्येक चौकट हिरवी.

उत्तराने हातही लावला नाही. बघते, म्हणाली. हेंक नळकांडी कोपऱ्यात ठेवून गेला नाही, परत घेऊन गेला. तेवढं त्याला कळतं.

३० मार्च, रविवार. पाडवा.

गुढी उभारली. श्रीखंड डब्यातलं. पानावर बसल्यावर मी विषय काढला, हेंकची नळी सगळ्यात चांगली आहे. का काढला? त्याची नळी घेतली तर त्याला बरं वाटेल आणि मला न बोलता थोडं फेडल्यासारखं होईल, असा आपला हिशेबी विचार. लबाडीच.

"ती सोडून बोल," उत्तरा म्हणाली. इतक्या जोरात की ज्ञानदाने कानातले इअरफोन काढले.

तिचा हेंकवर एवढा राग असेल असं वाटलं नव्हतं. माणसाकडून चूक होते, म्हटलं. त्यावर माझ्याकडे जे बघितलं! मी श्रीखंड वाढायला लागलो.

६ एप्रिल, रविवार

ठरलं. जर्मन कारखान्याची तयार नळी, चोवीस इंच, मध्यम जाडीची, काळी. चांगली आहे, उत्तम नाही. लवकर मिळते हा एकच गुण. उत्तरासारखी बाई, जी फ्रिज घेताना सात आठवडे लावते, तिने चाळीस मिनिटांत संपवलं. मी दस्त्याचं ड्रॉइंग पाठवलं. जिथे मला बोलायला पाहिजे होतं तिथे मी अर्धा मिलिमीटर मोकळी जागा सोडावी की पाऊण, यावर बोललो.

१४ एप्रिल, सोमवार

उत्तराने तिजोरीचा कोड बदलला. वर्षातून एकदा बदलायचा नियम आहे म्हणे. असेलही. बरं झालं.

२४ मे, शनिवार

नवी नळी बसून आली. दस्त्यात चपखल. माझं ड्रॉइंग पाव मिलिमीटरही चुकलं नाही. गनस्मिथने कौतुक केलं, नवरा कामाचा आहे म्हणून. उत्तरा हसली नाही.

१२ जून, गुरुवार

पोलीस येऊन गेले. दरवर्षीची तपासणी, न सांगता येतात. तरुण मुलगी, नम्र, बूट काढू का विचारलं. तिजोरी भिंतीला पक्की आहे का, काडतुसं वेगळ्या कप्प्यात आहेत का, नव्या नळीचा नंबर कागदाशी जुळतो का. सगळं जुळलं. मग सहज, जाता जाता — कोड कोणाकोणाला माहीत आहे?

उत्तरा म्हणाली, मलाच. मग ती मुलगी माझ्याकडे वळली. "तुम्ही कधी उघडली आहे?"

"नाही."

किती सहज गेलं तोंडातून! डचमध्ये तर एकच अक्षर लागतं. हो म्हणालो असतो तर त्याच दुपारी रायफल गेली असती, परवाना गेला असता. अकरा वर्षांपूर्वी उत्तराच्या नोकरीमागे मी इथे आलो. व्हिसावर 'अवलंबून जोडीदार'. दोन वर्षं घरात बसून भिंती मोजल्या, तेव्हा एका शब्दाने तिने मला टोचलं नाही. तिचं स्वतःचं म्हणावं असं इथे एवढंच आहे. शनिवार सकाळ आणि शंभर मीटर. तेही मी घालवायचं?

हे सगळं खरं आहे. आणि ही सबब आहे, हेही खरंच. पोलीस मुलगी गेल्यावर उत्तरा जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. मी पाणी आणून दिलं. दोघंही थँक यू म्हणालो. मी कशाबद्दल म्हणालो?

५ जुलै, शनिवार

पाच गोळ्या एका नाण्याखाली. उत्तराने कागद दाखवला आणि लगेच घडी घातली. क्लबात हेंक नव्हता. महिनाभर आलेला नाही. काडतुसं आता ती दुकानातून तयार आणते.

मी विचारलं, हेंककडे जाऊन येऊ या का. म्हणाली, तू जा. मला जमणार नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

हेंकची मुलगी सुपरमार्केटात भेटली. भाज्यांपाशी उभी राहून सांगत होती. वडील स्वतःच डॉक्टरांकडे गेले म्हणे, स्मरणशक्ती तपासून घ्यायला. घड्याळ काढून दाखवा, शंभरातून सात-सात वजा करा, असलं सगळं. निकाल ठीक आला. वयाच्या मानाने उत्तमच. पण त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, चाचणीला काय कळतं, पावडर विसरणारा माणूस नातवाला गाडीत विसरेल. तेव्हापासून नातवाला एकटे सांभाळत नाहीत. गेल्या आठवड्यात परवाना परत केला. काडतुसं भरायचं यंत्र विकलं. ती कोरी नळीही दिली कोणाला तरी.

"एक चूक इतकी मनावर घेतली," ती म्हणाली.

माझ्या हातात कोथिंबिरीची कुंडी होती. ती घेऊनच मी पैसे न देता बाहेर पडलो, मग परत गेलो, माफी मागितली. हे जमतं! कुंडीची माफी दहा मिनिटांत मागून झाली.

नातवाला एकटे सांभाळत नाहीत. हे मी केलं. कापसाच्या चार धाग्यांनी नाही, तोंड बंद ठेवून केलं. फेब्रुवारीत एक वाक्य बोललो असतो तर नुसती नळी गेली असती.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणपती बसले.

आरतीनंतर वस्त्रमाळ घालायची वेळ आली. उत्तरा म्हणाली, मी घालते. मला बरंच वाटलं. कापसाला हात लावायला नको झालंय.

२४ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं. हेंकला.

उत्तरा ऑफिसात, ज्ञानदा शाळेत. सायकल काढली आणि विचार करायच्या आत त्याच्या फाटकात उभा राहिलो. तो बागेत टोमॅटोची रोपं उपटत होता. शेडचं दार उघडं, आत यंत्राच्या जागी टेबलावर चार भोकं. माझं डच भाज्या आणि खेमेंटे, म्हणजे नगरपालिका, एवढ्यापुरतं, अशा गोष्टी सांगायला मला शब्द नाहीत. तरी सांगितलं. आमच्यात असा एक दिवस असतो, हत्यारांचा. त्या दिवशी ती वापरत नाहीत, त्यांना फुलं वाहतात. माझे वडील लेथला वाहायचे. मी तिजोरी उघडली. फूल उभं राहावं म्हणून कापूस. फूल काढलं, कापूस राहिला.

त्याने हातातलं रोप खाली ठेवलं. मग विचारलं, कोणतं फूल?

मला नाव येईना. वळून बघितलं तर टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेने सगळा झेंडू! इथे मातीतली कीड जावी म्हणून लावतात. बोट दाखवलं.

"आफ्रिकांचे," तो म्हणाला, झेंडूचं डच नाव. खाली वाकून एक तोडलं, देठ बोटांत फिरवून पाहिलं, जाडी बघत असावा. मग बाकावर बसला. "म्हणजे मी पावडर विसरलो नव्हतो."

"नाही."

"एकदाही नाही."

"नाही, हेंक."

त्याने हातमोजे काढले आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावर ठेवले. मी उभा. वाटलं होतं ओरडेल, हाकलेल, पोलिसांना सांगेन म्हणेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं आणि विचारलं, उत्तराला माहीत आहे?

नाही, म्हटलं. तिला काहीच माहीत नाही. ही वही सोडली तर पहिल्यांदा तुलाच सांगतोय.

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मग ठीक आहे. तिला मनापासून वाटत होतं की चूक माझी. तेवढं मला चालतं."

परवाना परत नाही घेणार, म्हणाला. या वयात पुन्हा सगळं कोण करणार. पण शनिवारी नातवाला घेऊन कालव्यावर जाईन. पोलिसांकडे जाणार नाही, तिची रायफल जाईल. उत्तराला मात्र तू सांग, मी सांगणार नाही. निघताना कागदी पिशवीत झेंडू भरून दिले. वाफा तसाही उपटायचाच आहे, पुढच्या आठवड्यातल्या तुमच्या दिवसापर्यंत टिकतील, गार जागेत ठेव.

सायकलवर रडलो. बेस्टच्या स्टेशनापर्यंत कोणी बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. इथले लोक त्यात पटाईत.

२८ सप्टेंबर, रविवार

उत्तराला सांगायचं आहे. दोनदा सुरुवात केली. एकदा तिला फोन आला, एकदा मलाच खोकला. झेंडू गॅरेजमध्ये बादलीत आहेत. कुठून आणले विचारलं, तर हेंकने दिले एवढंच सांगितलं. ती बादलीपाशी उभी राहिली.

"तू गेला होतास?"

हो, म्हटलं. बरा आहे का, विचारलं तिने. पूर्वीपेक्षा बरा आहे, म्हटलं. पुढे काहीच विचारलं नाही, की त्याने फुलं का दिली. पाणी बदलून गेली.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या सांगतो. पूजेच्या आधी. ती घरी आली की आधी सांगणार, मग चहा.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

उत्तरा अर्धा दिवस सुट्टी टाकून आली. माझं तोंड उघडायच्या आत स्वतः तिजोरी उघडली, टेबलावर धुतलेला पंचा पसरला, त्यावर रायफल ठेवली. नव्या नळीचं टोक माझ्या बाजूला.

"कर पूजा," म्हणाली.

मी हेंकची फुलं ताम्हनात घेऊन उभा होतो. तिने एक उचललं, देठ नखाने खुडून टाकला आणि फूल माझ्या हातात दिलं. माझ्याकडे बघत नव्हती.

"नुसतं वर ठेव. या वेळी कापूस नको."